सोपवर्ट : धुण्याच्या उपयोगाचें एक फुलझाड

रिठे व शिकेकाई हीं आपल्या घरोघर परिचयाचीं आहेत. युरोपांत व पश्चिम आशियांत हेंच काम एक लहानसें फुलझाड करीत आलें आहे. त्यास इंग्रजींत सोपवर्ट म्हणतात. शास्त्रीय नांव सॅपोनेरिया ऑफिसिनॅलिस. कार्नेशनच्या कुळांतील हें झाड दोन ते तीन फूट वाढतें. पानें समोरासमोर, फुलें फिकट गुलाबी व पांच पाकळ्यांचीं. त्यांचा सुवास सायंकाळीं अधिक दरवळतो व रात्रीं फिरणारे पतंग त्यांवर येतात.

त्याच्या मुळांत व पानांत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. पाण्यांत घुसळलें कीं त्याचा फेंस येतो. साबण म्हणजे तेल अथवा चरबी व तीव्र क्षार यांच्या संयोगानें झालेला पदार्थ. सॅपोनिन तसा नव्हे. साबणाच्या पाण्यांतील क्षार लोंकर व रेशीम यांस बाधतो, सोपवर्टचा काढा तसा बाधत नाहीं. म्हणूनच युरोपांत लोंकरी कापड धुऊन घट्ट करणारे कारागीर पूर्वीं हें झाड वापरीत. इंग्लंडांत ससेक्स परगण्यांतील अपपार्क नांवाच्या वाड्यांतले जीर्ण रेशमी पडदे लेडी मीड-फेदरस्टनहॉ यांनीं १९३० नंतरच्या दशकांत याच काढ्यानें स्वच्छ केले. दुसरा गुण असा कीं, चुनखडीच्या जड पाण्यांत साबणाचा चिकट साका बसतो. सॅपोनिनचा फेंस तेथेंहि होतो. ज्यांच्या विहिरींचें पाणी जड आहे त्यांस याचें महत्त्व सांगावयास नको.

काढा करण्याची रीत सोपी आहे. मुळें धुऊन, बारीक तुकडे करून अर्धा तास मंद आंचेवर उकळावीं, गाळून निववावें व ताजेंच वापरावें. डोळ्यांत जाऊं देऊं नये.

आतां लागवडीविषयीं. हें झाड मूळचें थंड हवेंतील. जमिनींत आडव्या पसरणाऱ्या मुळ्यांचा एक तुकडा लावला तरी फुटतो, आणि हाच त्याचा दोष आहे. वसाहतकऱ्यांनीं तें अमेरिकेंत बागेसाठीं नेलें. तेथें तें बाग सोडून रस्त्यांच्या कडेस तण होऊन बसलें. सातबाऱ्यावर पीक म्हणून नोंदवावें अशा योग्यतेचें तें नाहीं, असें माझें मत आहे. थंड गांवीं राहणाऱ्या हौशी गृहस्थानें कुंडींत लावावें, शेतांत नव्हे.

ज्यास धुण्याचा उपयोगच हवा त्यानें बांधाच्या कडेस रिठा लावावा. सॅपोनिन त्याच्या फळांच्या सालींत भरपूर असतें. शालू, पैठणी, लोंकरी शाली व सोन्याचे दागिने आपल्याकडे त्यानेंच धुतात. झाड मोठें होतें, फळास कांहीं वर्षें वाट पाहावी लागते. पण पुढें त्याची निगा फारशी नको.

मात्र सोपवर्ट असो वा रिठा, सॅपोनिन माशांस विष आहे. तें त्यांच्या कल्ल्यांस इजा करतें, व रिठ्याचा उपयोग मासे गुंगविण्यासाठीं होत आला आहे. ज्यांनीं शेततळ्यांत मासे सोडले आहेत त्यांनीं धुण्याचें पाणी व उकळलेला चोथा तळ्याकडे वाहत जाणार नाहीं अशा जागीं टाकावा, व रिठ्याचें झाडहि तळ्याच्या कांठापासून दूर लावावें.