मित्राला लिहिलेले पत्र

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने सुमारे १२,००० हेलिकॉप्टरे वापरली. त्यांपैकी ५,००० हून अधिक नष्ट झाली. वैमानिक बहुधा विशीतले. त्यांच्या पत्रांना तिकीट लागत नसे आणि लष्कराची काटछाटही नव्हती. तरीही आईच्या पत्रात बहुधा हवापाणीच असे. जखमींना उचलण्यासाठी गोळीबारात उतरल्याची हकिगत कळे ती मित्राला, तीही अनेकदा घरी न सांगण्याच्या बोलीवर. ही काटछाट मायेची! सायगावच्या रोजच्या पत्रकार परिषदेत शत्रूच्या मृतांचे आकडे मिळत. वैमानिकाची भीती त्या आकड्यांत नसे. इतिहासकाराने आधी विश्वास ठेवावा, तो माझ्या मते या मित्राच्या टपालावर. १९८५ साली न्यूयॉर्कमधील स्मारकाच्या काचेच्या भिंतीवर सैनिकांच्या पत्रांतील उतारे कोरण्यात आले. तेथे ते कोणालाही वाचता येतात, आयांनासुद्धा.