सालीखालचे शिकारी

बेळगावहून निपाणीच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात काकती येते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे हे माहेर. पण वाचकहो, आज आपल्याला जायचे आहे ते वळवाच्या वाऱ्याने बांधावर आडव्या झालेल्या एखाद्या जुन्या आंब्यापाशी.

सुटू लागलेली साल हलकेच उचलावी. ओलसर भुसा, बुरशीचे पांढरे जाळे, आणि त्यातून क्षणार्धात पळणारा एक चिंचोळा, काळपट किडा दिसतो. पाठीवरचे कठीण पंख इतके आखूड, की थोरल्याने धाकट्याची बंडी चढवावी तसे! डिवचले की शेपूट विंचवासारखे उचलतो आणि बिचारा चपलेखाली जातो. वस्तुतः त्याला नांगी नसतेच.

हा रोव्ह बीटल. आपण आखूडपंखी भुंगेरा म्हणू. या कुळात साठ हजारांहून अधिक जाती आहेत. भारतातल्या जातींवर ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सक माल्कम कॅमेरॉन यांनी १९३० ते १९३९ या काळात ग्रंथमाला लिहिली. आखूड पंखांखाली उडण्याचे मोठे, पातळ पंख घड्या घालून ठेवलेले असतात. डाव्या-उजव्या पंखांच्या घड्या वेगवेगळ्या पडतात, हे जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने टिपून दाखविले. आमच्या घरात साडीच्या घडीवरून होणारे वाद आठवले!

सालीखाली राहणाऱ्या कित्येक जातींचे अंग चपटे असते, त्यामुळे त्या फटीत सहज शिरतात. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची अंडी व अळ्या, माश्यांच्या अळ्या हे त्यांचे भक्ष्य. त्यांच्या अळ्याही शिकारीच. काही भाऊबंद मात्र निव्वळ बुरशीवर जगतात. खोडात खोल शिरणाऱ्या भिरुडाच्या अळीपुढे या चिमुकल्याचे काही चालत नाही, तेव्हा त्याच्यावर फाजील भरवसा नको. तरीही पडलेल्या खोडावर सरसकट विषारी औषध फवारले, तर पोखरणाऱ्यांबरोबर पहारेकरीही मरतात.

एका चुलतभावापासून मात्र सावध राहावे. ओल्या शेतात राहणारा, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा हा किडा पावसाळ्यात दिव्यावर येतो. तो चावत नाही; पण अंगावर चिरडला तर त्याच्या रसाने दुसऱ्या दिवशी त्वचेवर भाजल्यासारखे फोड येतात, आणि घरची मंडळी नागीण समजून घाबरतात. अंगावर बसलाच तर चोळू नये, फुंकरीने उडवावा. चिरडला गेल्यास ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवावी आणि तो हात डोळ्यांना लावू नये.