कृष्णधवल छायाचित्राची नवी प्रत

मद्रासमधील तिरुवल्लिकेणी भागात गणिती रामानुजन यांच्या पत्नी जानकी अम्माळ यांनी वैधव्याची अनेक वर्षे काढली. १९३६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी त्यांच्याकडून रामानुजन यांचे पारपत्रासाठी काढलेले छायाचित्र मिळविले, आणि ते तेजस्वी डोळे जगाच्या परिचयाचे झाले. एवढ्याशा कागदावर कधी कधी एखाद्या माणसाची सारी स्मृती विसंबून असते.

अशा जुन्या छायाचित्राची संगणकावरून नवी प्रत काढावयाची, तर शाई व कागद पारखून घेतले पाहिजेत. रंगीत शायांच्या मिश्रणातून साधलेला करडा रंग दिव्याच्या उजेडात एक आणि उन्हात दुसराच भासतो. म्हणून काळ्याबरोबर करड्या छटांच्या स्वतंत्र शाया असलेले मुद्रणयंत्र श्रेयस्कर. द्रवात विरघळलेल्या रंगाची शाई उजेडाने लवकर विटते. कार्बनच्या, म्हणजे काजळीच्या जातीच्या, सूक्ष्म कणांची शाई दीर्घकाळ टिकते.

कागद सुती लगद्याचा व आम्लरहित असावा. शुभ्रता वाढविणारी रसायने कालांतराने निष्प्रभ होतात व कागद पिवळसर दिसू लागतो. बिनचकाकीच्या कागदावर काळा रंग सौम्य उठतो, तर चकाकीच्या बरायटा कागदावर गडद. मुद्रेवरील छाया पाहून निवड करावी. समुद्राकाठच्या दमट हवेत प्रत काचेला चिकटू देऊ नये. मूळ छायाचित्र मात्र अंधाऱ्या, कोरड्या जागी जपावे; प्रत पुन्हा काढता येते, मूळ एकदाच असते.