सी-सी ७१०० : युद्धोत्तर फ्रान्सचे द्रुतगती विद्युत इंजिन

युद्धपूर्व फ्रेंच द्रुतगती विद्युत इंजिनांत चालक चाकांच्या मागेपुढे केवळ भार पेलणारी चाके असत. आल्स्थोम कंपनीने १९५२ ते १९५५ या काळात बांधलेल्या १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावरील सी-सी ७१०० वर्गात ती वगळण्यात आली. तीन-तीन आसांच्या दोन बोगी व प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटर असल्याने सुमारे १०७ टनांचा संपूर्ण भार रुळावरील पकडीस उपयोगी पडला.

२८ मार्च १९५५ रोजी या वर्गातील ७१०७ क्रमांकाचे इंजिन बोर्दोच्या दक्षिणेस ताशी ३२६ किलोमीटर वेगाने धावले. दुसऱ्या दिवशी चार आसांच्या, बऱ्याच हलक्या बी-बी ९००४ ने ३३१ गाठले. त्या धावेनंतर रुळांत वाक पडला. घोषणेत मात्र दोघांनाही ३३१ चाच मान मिळाला. ही बरोबरी सौजन्याची असली, तरी तांत्रिकदृष्ट्या दिशाभूल करणारीच म्हणावी लागेल. पुढे फ्रेंच रेल्वेने बव्हंशी चार आसांचीच इंजिने घेतली.