घरातलं गाणं आणि दिल्लीचे कान

शब्द आपले, चाल आपली, साथीला एक अकूस्टिक गिटार. असं गाणं घरीच रेकॉर्ड करून चार ओळखीच्यांना पाठवायचं आणि "कसं वाटलं, खरं सांग" म्हणायचं. द्वारका, नोएडा, गुरुग्राममधल्या भाड्याच्या खोल्यांतून आज हे सर्रास चालतं. पन्नास वर्षांपूर्वी याच दिल्लीत ते जवळपास अशक्य होतं. मधल्या काळाचा मागोवा घेतला की एक गोष्ट ठसठशीत दिसते. रेकॉर्डिंगची साधनं बदलत गेली, पण गाणं पुढे गेलं ते नीट ऐकणारी माणसं भेटली तेव्हाच.

सुरुवात सुस्मित बोस यांच्यापासून करायला हवी. शास्त्रीय गायकाच्या घरात वाढलेल्या या दिल्लीकराने गिटार घेऊन स्वतःची इंग्रजी गाणी म्हटली आणि १९७८ साली एचएमव्हीने त्यांची 'ट्रेन टू कॅल्कटा' ही तबकडी काढली. त्या काळी गाणं घराबाहेर पोचायचं तर कंपनीचा दरवाजा उघडावा लागे.

१९७९ मध्ये जपानच्या टीॲक कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र आणलं. जानेवारी १९८२ मध्ये अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या आपल्या घरी त्यावर गाणी घेतली. ती फक्त आपल्या बँडला ऐकवण्यासाठी होती. स्टुडिओत तीच गाणी बँडसह करून पाहिली, तेव्हा त्यांतली कित्येक कॅसेटपुढे फिकी पडली. अखेर ती कॅसेटच 'नेब्रास्का' नावाने प्रसिद्ध झाली. ऐकून, ताडून पाहून घेतलेला तो निर्णय होता.

दिल्लीत १९९० साली सुस्मित सेन यांची गिटार आणि अशीम चक्रवर्ती यांचा तबला-गळा यांतून 'इंडियन ओशन' उभा राहिला. उसने पैसे घेऊन त्यांनी नमुन्याची ध्वनिफीत केली. एचएमव्हीकडून पहिला अल्बम यायला १९९३ उजाडलं. पुढे करोल बागेतल्या खजूर रोडवरचं जुनं घर त्यांच्या तालमींची जागा झालं. नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले राहुल राम बँडमध्ये आल्यावर 'मा रेवा' हे नर्मदाकाठचं लोकगीतही त्यांच्या गाण्यांत आलं. नर्मदेवरच्या धरणाविरुद्धचा मणिबेली गावाचा लढा पाहिलेल्या मराठी माणसाला ते आपलंच वाटावं. १ जानेवारी १९९७ रोजी पथनाट्यकार सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ मंडी हाऊसजवळ झालेल्या कार्यक्रमात बँड वाजवत असताना जे रेकॉर्ड झालं, तोच 'डेझर्ट रेन' अल्बम. ज्या गर्दीला गाणं ऐकवलं, तिच्यासमोरच ते ध्वनिमुद्रित झालं.

पुढे संगणक आला. २००० मध्ये 'ऑडॅसिटी' फुकट मिळू लागलं, २००४ मध्ये 'गॅरेजबँड' आलं, आणि मायक्रोफोन संगणकाला जोडणारी डबी विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली. न्यूयॉर्कला शिकून आलेला जयपूरचा प्रतीक कुहाड दिल्लीत राहून गाणी करू लागला. 'इन टोकन्स अँड चार्म्स' २०१५ मध्ये आला, 'कोल्ड/मेस' २०१८ मध्ये, आणि २०१९ च्या अखेरीस त्यातलं त्याच नावाचं गाणं बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत झळकलं. त्यानंतर एका गिटारवर गाणाऱ्या मुलामुलींना घरून होणारा विरोध थोडा तरी मवाळ झाला असेल, असं मला मनापासून वाटतं.

दिल्लीत घरी रेकॉर्ड करणाऱ्याला ऋतू सांभाळावे लागतात. मे-जूनमध्ये पंखा आणि कूलर बंद करून दोन कडवी गाणं म्हणजे घामाची अंघोळ. हिवाळ्यात खिडक्या बंद, पंखे थांबलेले, म्हणून काम सोपं, फक्त लग्नाच्या वराती टाळायच्या. मायक्रोफोन गिटारच्या छिद्रासमोर धरला की आवाज घुमतो. बाराव्या फ्रेटच्या दिशेने वीतभर अंतरावर ठेवला की तारा मोकळ्या ऐकू येतात. एवढं सांभाळलं तर खोलीतला थोडा गोंगाट ऐकणारा माफ करतो. सुटलेला ताल आणि न कळलेले शब्द मात्र त्याला खटकतात.

मत मागतानाही नेमकं विचारावं. कुठे लक्ष उडालं? कुठली ओळ ऐकू आली नाही? ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा हवंहवंसं वाटलं की नको झालं? गाण्याचे शब्द आधी पाठवू नयेत, म्हणजे उच्चार कुठे गिळले गेले ते कळतं. "मस्त आहे" या उत्तरात माया असते, पण त्यावरून चाल सुधारता येत नाही.

सुस्मित बोस यांना कंपनी हवी होती, 'इंडियन ओशन'ला उसने पैसे आणि तालमीसाठी घर. घरी गाणं करणाऱ्या आजच्या मुलीला फोन पुरतो. तिला कमी आहे तो सगळी कामं बाजूला ठेवून तिचं गाणं दोनदा ऐकणारा आणि दुसऱ्या कडव्यात काय बिनसलं ते न कचरता सांगणारा माणूस. असं गाणं आपल्याकडे आलं, तर तो माणूस आपण व्हावं.