दहा निर्धाव चेंडू

एप्रिल 2018मध्ये मावळ तालुक्यातलं गहुंजे महिनाभरासाठी चेन्नईचं घर झालं. कावेरीच्या पाण्यावरून तामिळनाडूत आंदोलन पेटलं होतं. चेन्नईच्या चेपॉक मैदानावर आयपीएलचा एक सामना कसाबसा पार पडला आणि चेन्नई सुपर किंग्जचे घरचे उरलेले सामने थेट पुण्याला हलवले गेले. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगत, घोरावडेश्वराच्या डोंगराजवळच्या त्या मैदानाच्या पायऱ्या पिवळ्या झाल्या. 20 एप्रिलच्या सामन्यासाठी तर चेन्नईहून खास रेल्वेगाडी निघाली आणि हजारभर चाहते पुण्यात उतरले.

बघायला आले होते ते कोणाला? कर्णधार महेंद्रसिंह धोनी 36 वर्षांचा. सलामीचा शेन वॉटसन 36चा. हरभजन सिंग 37चा, इम्रान ताहीर 39चा, ड्वेन ब्राव्हो 34चा. दोन वर्षांच्या बंदीनंतर हा संघ परतला होता आणि लिलावात त्याने तरुण पोरं सोडून अनुभवी माणसं गोळा केली होती. ‘डॅड्स आर्मी’ हे नाव त्यांना टिंगल म्हणूनच चिकटलं. वीस षटकांचा खेळ हा पोरांचा खेळ, त्यात चाळिशीकडे झुकलेल्या माणसांचं काय काम, असं जाणकारही म्हणत होते.

त्या रात्री गहुंजेत वॉटसनने राजस्थानविरुद्ध 57 चेंडूंत 106 धावा केल्या. राजस्थान हा त्याचा जुना संघ. चेन्नईने 204 धावा केल्या आणि सामना 64 धावांनी जिंकला. 30 एप्रिलला याच मैदानावर दिल्लीविरुद्ध वॉटसनने 40 चेंडूंत 78 आणि धोनीने 22 चेंडूंत नाबाद 51 केल्या. गहुंजेत चेन्नई सहा सामने खेळली आणि पाच जिंकली. एका गोष्टीची मात्र मला आजही हळहळ वाटते. या संघात पुण्याचा केदार जाधव होता. पहिल्याच सामन्यात, वानखेडेवर, त्याच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. बाहेर गेलेला केदार शेवटच्या षटकात लंगडत परत आला, एक षटकार आणि एक चौकार मारून सामना जिंकून दिला आणि उरलेल्या स्पर्धेला मुकला. संघ त्याच्या गावात राहायला आला तेव्हा तोच मैदानावर नव्हता.

आता 27 मे 2018. वानखेडेवर अंतिम सामना, हैदराबादच्या 178 धावांचा पाठलाग. वॉटसनने पहिल्या दहा चेंडूंवर एकही धाव काढली नाही. दहा चेंडू, शून्य धावा, तेही अंतिम सामन्यात. धावगती चढत चालली होती आणि समोर भुवनेश्वर कुमार टिच्चून टाकत होता. डाव संपला तेव्हा वॉटसन 57 चेंडूंत नाबाद 117 होता. म्हणजे पुढच्या 47 चेंडूंत 117. चेन्नई आठ गडी राखून जिंकली.

त्या शतकाच्या चित्रफिती लोक षटकारांसाठी बघतात. मी ते दहा चेंडू बघतो. उतारवयातल्या पुनरागमनाचं सगळं रहस्य तिथे आहे असं मला वाटतं, आणि ते उलगडायला गोल्फ फार उपयोगी पडतो. वयाच्या मानाने अशक्य वाटणारे विजय जितके गोल्फने पाहिले तितके क्वचितच दुसऱ्या खेळाने पाहिले असतील.

अमेरिकेत ऑगस्टा नावाच्या गावी दर एप्रिलमध्ये मास्टर्स स्पर्धा होते. 1986 साली तिथे जॅक निक्लॉस उतरला तेव्हा तो 46 वर्षांचा होता. गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात. त्याने शेवटची मेजर जिंकून सहा वर्षं होत आली होती. निक्लॉस संपला, असं अटलांटाच्या एका वार्ताहराने लिहिलं होतं आणि ते कात्रण त्याच्या मुक्कामी फ्रिजवर चिकटवलेलं होतं. शेवटच्या दिवशी तो चार फटके मागे होता. पहिल्या आठ होलपर्यंत त्याने काहीच कमावलं नाही. एकूण ठरावीक फटक्यांइतकेच फटके, ना एक कमी, ना एक जास्त. मग नवव्या होलवर बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी. दहाव्यावर, अकराव्यावर पुन्हा तेच. बाराव्यावर एक चूक. तेराव्यावर बर्डी, पंधराव्यावर दोन फटक्यांची कमाई म्हणजे ईगल, सोळाव्यावर आणि सतराव्यावर बर्डी. शेवटच्या दहा होलमध्ये त्याने सात फटके वाचवले आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली. त्याची बॅग खांद्यावर घेऊन चालत होता त्याचाच मुलगा.

आठ होल काहीच नाही आणि मग दहा होलमध्ये सारं काही. वॉटसनचे दहा चेंडू आणि निक्लॉसचे आठ होल शेजारी ठेवले की अंगावर काटा येतो. तरुण खेळाडू अशा वेळी अस्वस्थ होतो. काहीतरी घडवलं पाहिजे म्हणून भलताच फटका खेळतो. या दोघांनी काहीही न घडणं सहन केलं.

पण सहनशक्तीने चेंडू सीमेपार जात नाही. मग शरीराचं काय? ताशी 140 किलोमीटर वेगाने हातातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद घेतो. डोळ्याने पाहिलेल्या गोष्टीवर शरीराने हालचाल सुरू करायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो, त्यात बॅट फिरवायचा वेळ वेगळा. हा हिशेब मांडला की कळतं, निव्वळ बघून प्रतिक्रिया देत वेगवान गोलंदाजी खेळणं विशीतल्या माणसालाही जमणारं नाही. मग फलंदाज करतो काय? मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या पातळीच्या तीन फलंदाजांच्या डोक्यावर डोळ्यांची हालचाल टिपणारा कॅमेरा बसवला. 2000 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मला विलक्षण वाटतो. फलंदाज चेंडूवर सतत नजर ठेवतच नाही. चेंडू सुटताना तो पाहतो, आणि मग त्याची नजर चेंडूला मागे टाकून पुढे उडी मारते. टप्पा जिथे पडेल असा त्याचा अंदाज असतो, त्या जागी नजर आधी पोचते आणि चेंडूची वाट बघते. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर पडते.

म्हणजे ‘नजर तयार आहे’ असं आपण ज्याला म्हणतो ते बरंचसं भाकीत असतं. वयाबरोबर प्रतिक्रियेचा वेळ किंचित वाढतो, स्नायूंमधले झटकन आकुंचन पावणारे तंतू कमी होतात, दुखापत भरून यायला जास्त दिवस लागतात. पण हजारो गोलंदाजांचे मनगट, खांदा आणि धाव बघून तयार झालेलं भाकीत इतक्या लवकर म्हातारं होत नाही. वॉटसनने ते दहा चेंडू वाया घालवले असं मला वाटत नाही. चेंडू किती स्विंग होतोय, खेळपट्टी किती साथ देतेय, याचा अंदाज तो जुळवून घेत होता. अंदाज एकदा जुळल्यावर त्याने 11 चौकार आणि 8 षटकार मारले, म्हणजे 117पैकी 92 धावा न पळता. छत्तीस वर्षांच्या पायांना त्या रात्री फक्त 25 धावा पळाव्या लागल्या.

गोल्फमध्ये तर चेंडू जागेवरच पडलेला असतो. तिथे भाकिताची जागा स्मरण घेतं. मास्टर्स दरवर्षी त्याच मैदानावर होते, त्यामुळे कुठला उतार चेंडूला कुठे नेतो हे जुन्या खेळाडूच्या हाडीमाशी मुरलेलं असतं. टायगर वुड्सचा 2019चा विजय मला यासाठीच सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. वय 43. पाठीवर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया, शेवटच्या वेळी, 2017 साली, पाठीच्या कण्याचे दोन मणके एकमेकांना जोडलेले. डिसेंबर 2017मध्ये जागतिक क्रमवारीत तो 1199व्या स्थानावर होता. शेवटची मेजर जिंकून 11 वर्षं होत आली होती. अखेरच्या दिवशी तो फ्रान्सेस्को मोलिनारीच्या दोन फटके मागे होता.

बारावं होल छोटंसं, दीडशे यार्डांच्या आसपासचं. पुढे ओढा, त्यापलीकडे आडवी, चिंचोळी हिरवळ, आणि झेंडा उजव्या टोकाला. झेंडा दिसला की हात तिकडे वळतोच. आघाडीच्या खेळाडूंपैकी ब्रूक्स कोप्का, इयन पोल्टर, मोलिनारी आणि टोनी फिनाऊ या चौघांचे चेंडू त्या ओढ्यात गेले. वुड्सने झेंड्याकडे पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. त्याने हिरवळीच्या मधल्या, सुरक्षित भागात चेंडू टाकला, दोन हलक्या फटक्यांत होल पुरं केलं आणि तो बरोबरीत आला. पुढे एका फटक्याने जिंकला. त्या क्षणी त्याने केलं ते काहीच दिपवणारं नव्हतं. तारुण्यात त्याने याच मैदानावर लांब फटक्यांनी सगळ्यांची दाणादाण उडवली होती. 43व्या वर्षी त्याने चारचौघांची चूक टाळली, बस्स. मेजरच्या अखेरच्या दिवशी मागून येऊन जिंकायची ही त्याची पहिलीच वेळ होती.

फिल मिकेलसनची गोष्ट थोडी वेगळी. 2021 साली कियावा आयलंडवर, एक्कावन्नाव्या वाढदिवसाला महिनाही उरला नव्हता तेव्हा, तो मेजर जिंकणारा सर्वांत वयस्क माणूस ठरला. आधीचा मान ज्युलियस बोरोसचा, 1968 साली, 48व्या वर्षी. मिकेलसनचा त्रास स्नायूंचा कमी आणि मनाचा जास्त होता. चार-साडेचार तास चालणाऱ्या फेरीत लक्ष टिकेनासं झालं होतं. म्हणून तो सरावात एका दिवशी 18ऐवजी 36 आणि कधी 45 होल खेळू लागला, ध्यान करू लागला. मन ताणून लांब करायचं, म्हणजे 18 होल छोटे वाटतील.

हे वाचताना मला मावळाचंच दुसरं टोक आठवतं. लोणावळ्यात 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं, ते निव्वळ आसनं शिकवायला नव्हे. नौली करताना पोटात काय होतं, दाब किती उतरतो, हे त्यांनी उपकरणं लावून मोजलं, क्ष-किरण वापरले, ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापलं. श्वास आणि एकाग्रता या मोजून बघण्याच्या गोष्टी आहेत, हा विचार शंभर वर्षांपूर्वी गहुंजेपासून थोड्याच अंतरावर रुजला. वयाने शरीर हटत जातं तसं खेळाडूचं सारं भांडवल अवधानात येऊन साठतं, आणि त्या अवधानाचीही मशागत करता येते, हे मिकेलसनने पन्नाशीत दाखवलं.

मात्र या गोष्टींत एक धोका आहे. जिंकलेले आपल्या लक्षात राहतात आणि वाटतं, जिद्द असली की झालं. तसं नाही. 2009 साली टर्नबेरीला टॉम वॉटसन 59 वर्षांचा होता. नऊ महिन्यांपूर्वी त्याच्या खुब्याचा सांधा बदलला होता. ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या होलवर आठेक फुटांचा एक हलका फटका होलमध्ये गेला असता तर मेजर जिंकणाऱ्यांच्या वयाचा विक्रम अकरा वर्षांनी पुढे गेला असता. तो फटका चुकला आणि जादा होलमध्ये स्ट्युअर्ट सिंक जिंकला. दहा वर्षांनी आपला वॉटसनही, शेनही, तिथेच येऊन थांबला. 2019च्या अंतिम सामन्यात त्याने 59 चेंडूंत 80 धावा केल्या. गुडघ्यातून रक्त येत होतं, पँटवर डाग दिसत होता, कोणाला न सांगता तो खेळत राहिला आणि सामन्यानंतर सहा टाके पडले. शेवटच्या षटकात तो धावबाद झाला आणि चेन्नई एका धावेने हरली. या दोन्ही हारी मी विजयांच्याच रांगेत ठेवतो. त्यांच्यात कौशल्य रतीभरही कमी नव्हतं.

धोनीची गहुंजेशी ओळख 2018हून जुनी आणि कडू-गोड. चेन्नईवरच्या बंदीच्या काळात तो पुण्याच्या संघात आला. 2016मध्ये कर्णधार होता, 2017मध्ये कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला दिलं. त्याचं वय, त्याचा मंदावलेला वेग, सगळं चर्चेत होतं. 22 एप्रिल 2017ला गहुंजेत हैदराबादविरुद्ध शेवटच्या षटकात 11 धावा हव्या होत्या. शेवटच्या चेंडूवर चौकार मारून त्याने सामना संपवला, 34 चेंडूंत नाबाद 61. घाई न करता सामना शेवटच्या षटकापर्यंत न्यायचा, म्हणजे दडपण आपल्याइतकंच गोलंदाजावरही येतं, ही त्याची जुनी रीत. पुढच्या वर्षी चषक जिंकल्यावर तो वयापेक्षा तंदुरुस्तीबद्दलच बोलला.

आणि त्यानंतरही तो थांबला नाही. 2024मध्ये त्याने चेन्नईचं कर्णधारपद पुण्याच्या ऋतुराज गायकवाडकडे सोपवलं. एप्रिल 2025मध्ये ऋतुराजच्या कोपराचं हाड मोडलं आणि 43 वर्षांच्या धोनीला परत नाणेफेकीला जावं लागलं. 14 एप्रिलला लखनऊविरुद्ध त्याने 11 चेंडूंत नाबाद 26 केल्या आणि सामनावीर ठरला. आयपीएलमध्ये इतक्या वयाचा सामनावीर त्याआधी झाला नव्हता. संघ मात्र त्या वर्षी गुणतक्त्यात पहिल्यांदाच तळाला गेला.