ज्ञानकोश आणि कारखानदाराचा पत्ता

ज्ञानकोशातील नोंदींनी कारखानदारांच्या संकेतस्थळांचे दुवे द्यावेत की नाही, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. मला तो तसा वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शंका आली तर विचारायला घरात कोणी नाही. त्यामुळे कोशात दिले आहे ते खरे, असे धरूनच माझ्यासारखा विद्यार्थी पुढे जातो. या विश्वासाचा बाजार होऊ नये, एवढेच आमचे मागणे.

कोशाला व्यवहार वर्ज्य आहे, असे मात्र नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी लिमिटेड मंडळी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले. पण कोश विकणे वेगळे आणि कोशातील नोंद विकणे वेगळे.

२००१ साली सुरू झालेल्या इंग्रजी विकिपीडियाने हा भेद आपल्या नियमांत आणला आहे. नोंद एखाद्या कंपनीवरच असेल, तर तिच्या अधिकृत संकेतस्थळाचा दुवा देता येतो. कारण ती स्वतःविषयी काय सांगते, हेही वाचकाला कळायला हवे. परंतु नोंद ‘शिलाई यंत्र’ या विषयावर असेल, तर यंत्रे विकणाऱ्यांची यादी तेथे बसत नाही. एकाचा दुवा दिला, तर दुसऱ्याला कोणत्या न्यायाने नाकारायचे? सर्वांचे दिले, तर नोंदीची पेठ होते. आणि वरचा व खालचा असे दोन दोरे गुंतून टाका कसा पडतो, हे मूळ ज्ञान बाजूलाच राहते.

दुव्याला बाजारात मोल आहे. शोधयंत्रे एखाद्या स्थळाचे महत्त्व ठरवताना त्याच्याकडे येणारे दुवेही पाहतात. म्हणूनच २००७ साली इंग्रजी विकिपीडियाने बाहेरच्या दुव्यांना ‘हे मोजू नयेत’ अशी खूण जोडली.

याला दुसरीही बाजू आहे. यंत्राचे वजन किती, ते कोणत्या साली निघाले, ही माहिती कारखानदाराकडेच नेमकी मिळते. तेवढ्यापुरता तळटीपेत त्याचा आधार जरूर घ्यावा. ‘सर्वांत टिकाऊ यंत्र’ हे प्रशस्तिपत्रक मात्र त्याच्या हातून घेऊ नये. त्याला त्रयस्थ साक्षीदार हवा.

तेव्हा कसोटी एकच: दुव्याने वाचकाचे ज्ञान वाढते की विक्रेत्याचे गिऱ्हाईक? ज्याला विचारायला दुसरे कोणी नाही, त्याच्यासाठी कोशाने ही कसोटी कधीही सैल करू नये.